डिकीतला डबा कुणाच्या हातचा

आप्पा, गेल्या आठवड्यात मी माझ्या गाडीत सबवूफर बसवला. गाडी जुनीच आहे, यंदा आम्ही नवराबायकोने मिळून घेतली. येलदरीच्या वसाहतीतून जिंतूरच्या शाळेत शिकवायला जायला मला रोज लागते. कंपनीचा स्टिरिओ होता तसाच ठेवला, तुम्ही ठेवायचात तसा. मागच्या दारांच्या स्पीकरच्या तारांवरून आवाज उचलला, ॲम्प्लिफायर पुढच्या सीटखाली सरकवला, बॅटरीशेजारी फ्यूज टाकला आणि डिकीच्या डाव्या खोबणीत चपखल बसेल असा फायबरचा डबा हाताने घडवला. अंगणात आंब्याखाली काम चाललं होतं. वायर सोलताना, रेझिन कालवताना, सँडपेपर मारताना तुम्ही सारखे आठवत होतात आणि मला ते नको होतं. हाताला येतं ते सगळं तुमचं, आणि मनात आहे ते तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

परभणीतलं आपलं दुकान जेमतेम एक गाडी आत मावेल एवढं होतं. आधी तुम्ही जयंतीच्या मिरवणुकीला भोंगे द्यायचात, पुढे गाड्यांमध्ये टेप बसवायला लागलात. मी शाळेतून थेट तिथंच यायची. दप्तर स्टुलावर टाकते न टाकते तोच तुमची हाक येते, "ये गं, तुजा हात बारीक हाय, घाल आत." मग मी दाराच्या पॅनलमागे हात घालून वायर शोधते आणि तुम्ही बाहेरून सांगता, "वढू नको, इचार तिला कुठं जायलीस म्हनून." कॉलेजात सायन्स घेतलं तेव्हा तर डब्यांची मापं मीच काढू लागले. तोवर राणीसावरगावहून काकांचा मुलगा आपल्याकडे राहायला आला होता. स्वभावाने चांगला, गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा, गाडी पुढेमागे करण्यात हुशार. पण करवत हातात घेतली की रेघ सोडून जायचा. तुम्ही त्याला हसायचात आणि रात्रीच्या जेवणाला आईला सांगायचात, "दुकान हिचंच हाय. मला पोरगं न्हाई म्हनतेत लोकं. कोन म्हनतंय?" ते ऐकून मी आणखी एक भाकरी खायची.

पिंगळीचे ते निवृत्त सर आठवतात? शाळेत गणित शिकवायचे आणि घरी तबला वाजवायचे. नवी गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "आवाज झकास हाय, पण डग्गाच ऐकू येईना. नुसता तबला टणटण करायलाय. आणि बगा, डिकी अडवायची न्हाई, गावाकडनं पोती आणायची असतेत." तयार डबा ठेवला तर डिकी संपली असती. तुम्ही दाढी खाजवत उभे राहिलात. मग मीच म्हटलं, चाकावरच्या खोबणीत फायबरचा बसवू. पण त्या वेड्यावाकड्या खोबणीत आत जागा किती, हे कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी मी घरातून ज्वारीचं गठुडं आणलं, खोबणीत प्लास्टिक अंथरलं, पुढून पुठ्ठा लावला आणि ज्वारी ओतली. मागोमाग आई आली. "अगं, खायची ज्वारी गाडीत कामून ओतायलीस?" मी ती अधोलीच्या मापाने मोजून परत काढली आणि आतली जागा सांगितली. तुम्ही हसत हसत दुकानाच्या पायरीवर बसलात. "हे मला सुचलं नसतं," म्हणालात. आप्पा, तुम्ही मला आयुष्यात पुष्कळ काही दिलंत, पण मला सगळ्यात जपून ठेवावंसं वाटलं ते हे वाक्य.

त्या डब्याला मी जीव लावला. एकेक थर वाळू दिला, घाई केली नाही. आतून तुकडे लावून तो असा पक्का केला की मुठीने वाजवलं तरी दगडासारखा बोलावा. वर डिकीच्याच रंगाचं कार्पेट चिकटवलं. सर आले तेव्हा मी गाडीमागे उभी होते, बोटांना रेझिन तसंच होतं. त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला, तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि डोळे मिटले. डग्ग्यावर मनगट घासून निघतो तो खोल, लांबत जाणारा आवाज गाडीत भरला. सरांची बोटं मांडीवर ठेका धरू लागली. मग दार उघडून बाहेर आले, डिकीत डोकावले आणि म्हणाले, "अहो, डबा दिसंना सुदिक! कुणाच्या हातचं काम हाय हे?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ते मी अजून विसरलेले नाही. न पाहता बोलला असतात तर मी म्हटलं असतं, गडबडीत निघून गेलं तोंडातून. पण तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलंत, मग पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "ह्याचं. लय बारीक काम करतंय पोरगं." सरांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. तो माझ्याकडे न बघता हसला. मी दुकानाच्या मागच्या बाजूला गेले आणि रॉकेलने बोटं घासत बसले, कातडी लाल होईपर्यंत.

संध्याकाळी तुम्ही चुलीपुढे जेवायला बसला होतात. मी विचारलं, "आप्पा, असं कामून सांगितलंत?" तुम्ही ठेचा भाकरीवर घेत म्हणालात, "राग आला व्हय? अगं, पोरीनं केलं म्हनलं की गिऱ्हाईक बिचकतंय. वायरीचं काम हाय."

"सर बिचकले असते?"

"सरांचं सोड. सर चार लोकांला सांगतेल. तू आज ना उद्या सासरी जाशील. ह्याला हितंच ऱ्हायचंय, ह्याचं नाव व्हाया नको का?"

"आणि माझं?"

तुम्ही आईकडे बघून म्हणालात, "वाढ की अजून." आईने वाढलं. ती माझ्याकडे बघत होती.

लोकांच्या भीतीपोटी तुम्ही खोटं बोललात असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. पण पुढे पाटी बदलली, तुमच्या नावाखाली त्याचं नाव रंगवलं गेलं आणि मला कळलं की ते खोटं सरांसाठी नव्हतंच. दुकान माझं आहे हे तुम्ही इतकी वर्षं जेवताना म्हणत होतात, ते खोटं होतं. लेकीचं कौतुक घरात करायचं आणि नाव दाराबाहेर दुसऱ्याला द्यायचं. मी दुकानात जाणं सोडलं. तुम्ही एकदाही बोलावलं नाहीत. मी बी.एड. केलं, लग्न झालं, इकडे आले. शेवटच्या दिवसांत तुम्ही दवाखान्यात खाटेवर होतात तेव्हा उशाशी बसून मी एका वाक्याची वाट पाहत होते. कसंही चाललं असतं, अर्धवट चाललं असतं. तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "जेवलीस का?" मी हो म्हटलं. मग तुम्ही पुतण्याला जवळ बोलावून दुकानाच्या कुलपाच्या किल्लीबद्दल काही सांगितलंत.

मी रडले, आप्पा. चारचौघांसारखी रडले, पुण्यानुमोदनाला आलेल्यांना जेवायला वाढलं, सगळं रीतीने केलं. पण तुम्ही गेलात म्हणून रडत होते की ते वाक्य गेलं म्हणून, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

काल शेजारी राहणाऱ्या, वीजकेंद्रातल्या इंजिनिअर बाई माझ्याबरोबर जिंतूरपर्यंत आल्या. गाणं लागलं तशी त्यांनी सीटवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, हे कुठं बसवून घेतलं? संभाजीनगरला?"

"मी बसवलं," मी म्हटलं. "डबा पण मीच केला."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. अगदी मनापासून विचारलं, "तुमाला कुणी शिकवलं हो?"

रस्त्यावर खड्डा होता, मी गिअर बदलला. मग म्हटलं, "कुणी नाही. आपलं आपणच."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. "कुणी नाही" असं बोलून झाल्यावर मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. शाळा आली, मी गाडी सावलीत लावली, तासांवर गेले, संध्याकाळी घरी परतले. अजून वाटलेलं नाही.