उजव्या खुर्चीचा पगार

लापू-लापू,
सर्व संतांच्या सणानंतरचा रविवार

प्रिय इंदाय,

पुडकं फोडताना आधी सुकी मासळी बाहेर काढली असशील, ठाऊक आहे मला. ती ठेव बाजूला आणि हे वाच. जेरालिनच्या हाती पाठवतेय. हवाई सुंदरी झाली तरी आपल्याच गल्लीतली पोर, उद्याच्या विमानाने दवाओला येतेय. तिला बजावलंय, हातात दे, दारात टाकून पळू नकोस. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? "नानाय, तातयचा विषय सोडून काहीही बोल," म्हणतेस. अगं, तुझ्या ज्या बापाबरोबर अडतीस वर्षं एका छपराखाली काढली, त्याला सोडून माझ्याकडे बोलायला उरतं काय? कोंबड्या? त्या बऱ्या आहेत. तांबडी खुडूक बसलीय. झालं, संपल्या कोंबड्या. आता मी बोलणार आणि तू ऐकणार, कारण कागदाला मध्येच बंद करायचं बटण नसतं.

ऑगस्टातलं ते जेवण माझ्या अजून घशात अडकलंय. संप सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, तुझ्या वैमानिक होण्याच्या शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते थकले होते, आणि वैमानिकांच्या वतीने कंपनीशी बोलणी करणाऱ्यांचे म्होरके तुझेच तातय. तू म्हणालीस, "कमी पगार तर कमी, सही करून मोकळे व्हा ना! तुमचं विमान उतरलंय तातय, आमचं अजून धावपट्टीवर उभं आहे. तुम्हाला काय, पासष्ट भरली की हार घालून घेऊन घरी बसाल, युनियनचा वाघ म्हणून नाव राहील." त्यांनी माशाच्या गालाचा मऊ तुकडा काढला, तुझ्या लहानपणापासून काढतात तसा, आणि तुझ्या ताटात ठेवला. तू ताट सरकवलंस आणि उठलीस. तो तुकडा मग मीच खाल्ला, अन्न टाकवत नाही मला. पण इतका कडू मासा जन्मात खाल्ला नव्हता. तुझं चुकलं असं नाही म्हणत मी. पोटाला चिमटा बसला की माणूस बोलतो. पण बोललेलं तसंच ठेवून तू तीन महिने घरी फिरकली नाहीस, ते मला सहन होत नाही.

संपाआधीचे दिवस आठवतात ना? सगळ्यांनी नियमावर बोट ठेवून काम करायचं ठरवलं होतं तेव्हा? तुझे तातय जमिनीवर विमान इतकं हळू न्यायचे की कुंपणापलीकडून एक म्हातारा बकरी घेऊन चालला होता, तो बकरीसकट पुढे निघून गेला. एका बाईने विचारलं म्हणे, "दवाओपर्यंत असंच चालत जायचंय का?" आणि उतरल्यावर इंग्रजी भाषण आटोपलं की आपल्या बोलीत त्यांचं ते नेहमीचं ठरलेलं, "पोचलो रे माणसांनो. हळूच उठा, डोक्यावरच्या पेट्या कुणाच्या सग्या नसतात." किती वर्षं तेच वाक्य, आणि दर वेळी लोक हसायचे. वरच्यांनी एकदा समज दिली होती, हे बंद करा, कंपनीला शोभत नाही. तातय म्हणाले, "माझ्या पगारातून कापा."

मग संपच झाला. विमानतळाच्या रस्त्यावर सगळे कॅप्टन पांढरे शर्ट घालून उन्हात उभे, आणि ते शर्ट धुणारी मी. फटफटीवाले येता-जाता ओरडायचे, "काय कॅप्टन, विमान मिळेना का? बसा मागे, माझ्याकडे पण खिडकीची सीट आहे, चारी बाजूंनी!" तातयना हसू यायचं. मला नाही. कोपऱ्यावरची दुकानवाली बास्योन सगळ्यांसमोर म्हणाली, "आता वैमानिकही संपावर? ह्यांना आणखी काय हवंय, ढग?" मी म्हटलं, "बास्योन, तुझ्या नवऱ्याला बस चालवताना डुलकी लागली तर बस शेतात जाते. माझ्या नवऱ्याला लागली तर शेत कुठे शोधायचं?" दुकान हसलं, तीही हसली, आणि पिशवीत दोन अंडी जास्त टाकली. लोक वाईट नसतात गं. त्यांना फक्त खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या दिसतात, बाकीचं दिसत नाही.

कॅप्टनचा पासष्टावा वाढदिवस म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. त्या दिवसापासून प्रवाशांचं विमान हातात नाही, मग माणूस कितीही धडधाकट असो. म्हणून त्याआधीचं शेवटचं उड्डाण म्हणजे घरचं लग्नच. बायको पहिल्या रांगेत, उतरल्यावर दोन्ही बाजूंनी आगीच्या बंबांचे सलामीचे फवारे, आणि लेक वैमानिक असली तर त्या दिवशी उजव्या खुर्चीत, सहवैमानिक म्हणून, तीच. तू शिकायला लागलीस त्या दिवसापासून ह्या माणसाने देवाकडे एवढं एकच मागितलं. बाकी कसली हौस नाही, ना घड्याळाची, ना गाडीची. म्हणायचे, "एकदाच लिओनिला, एकदाच. मी डावीकडे, इंदाय उजवीकडे. मी हात मांडीवर ठेवून बसणार. विमान उतरवेल तीच." मी निळं कापड आणून ड्रेस शिवायला घेतला. पहिल्या रांगेत बसायचं म्हणून बाह्या तीनदा उसवून पुन्हा शिवल्या. आणि संप लांबला. सप्टेंबर लागला, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे दुकानांत आतापासूनच नाताळची गाणी वाजायला लागली, विमानं जागच्या जागी. वाढदिवस काही बोलणी करून पुढे ढकलता येत नाही.

आता तुला जे ठाऊक नाही ते ऐक. वाढदिवस आठवड्यावर आला असताना तुझे निनोंग क्रिसांतो घरी आले. बाप्तिस्म्याला तुला हातावर धरलेला माणूस, कधीकाळी तातयच्याच उजव्या खुर्चीत बसून शिकलेला, आणि आता टेबलाच्या पलीकडे बसून कंपनीच्या बाजूने बोलणारा. हॉटेलातल्या त्या गारठलेल्या खोलीत दोघं एकमेकांना 'मिस्टर' म्हणायचे. आमच्या अंगणात मात्र हातात तांदळाची गरम बिबिंका घेऊन उभा, आणि तोंडात जुन्या दोस्तीची हाक, "पारे, आहेस का घरात?" मी आत भांडी आपटत होते, पण कान बाहेर. चेहरा पार उतरला होता बिचाऱ्याचा. म्हणाला, "पारे, बँका कंपनीच्या मानेवर बसल्यात. वरचे म्हणतात, जुन्यांना पूर्ण वाढ देतो, पण गेल्या पाच वर्षांत लागलेल्या पोरांचा पगार वेगळा, खालचा, कायमचा. शुक्रवारी सही कर, सोमवारी विमानं उडतील. आणि तुझं शेवटचं उड्डाण मी स्वतः लावून आलोय. सेबू-दवाओ-सेबू. उजवीकडे इंदाय. बंबवाल्यांनासुद्धा सांगून ठेवलंय." इंदाय, मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मनात म्हटलं, देवा, ऐकलंस रे बाबा!

तातयनी बिबिंका मधोमध कापली. मग विचारलं, "पोरांचं ते कलम?" क्रिसांतो म्हणाला, "ते राहणार. अरे, तरुण आहेत, पुढच्या वेळी भांडून घेतील." तातय म्हणाले, "त्या दिवशी उजवीकडे कोण बसणार म्हणालास?" "इंदाय." "मग शुक्रवारी तिचा पगार मीच जन्माचा कापायचा, आणि पुढच्या आठवड्यात तिच्याच शेजारी बसून फोटोला हसायचं? तूही त्याच खुर्चीत बसून शिकलास ना रे?" क्रिसांतोने मान खाली घातली. म्हणाला, "वाटलंच होतं मला. पण तुला विचारलं नसतं तर मला झोप लागली नसती." तातयनी अर्धी बिबिंका केळीच्या पानात बांधून त्याच्या बायकोसाठी परत दिली आणि खांद्यावर हात टाकून फाटकापर्यंत सोडायला गेले. शत्रू असे असतात का गं? मला तर दोघांचाही सारखाच राग आला.

आणि मी तो तुझ्या तातयवर काढला. "दुल्फो, आडमुठा आहेस तू! ती स्वतः म्हणतेय कमी तर कमी, सही करा. तिच्या वतीने नाही म्हणणारा तू कोण?" म्हणाले, "बाप. आणि ती एकटी नाही, शंभरावर पोरं आहेत." मी म्हटलं, "मग निदान तिला सांग! काय सोडून दिलंस ते कळू दे तिला." तर म्हणतात, "सांगायचं नाही. कळलं तर माझ्यासाठी ती रडत येईल, 'तातय, सही करा' म्हणेल, आणि मी करेन. मला ओळखत नाहीस का तू?" शपथ घातली मला. मी निळा ड्रेस कपाटाच्या तळाशी कोंबला आणि कित्येक दिवस त्यांच्याशी फक्त ताट वाढण्यापुरती बोलले.

वाढदिवसाला शर्टाला स्वतः इस्त्री केली. रोजच्यासारखे जाऊन रस्त्यावर उभे राहिले, परत आले, खांद्यावरच्या चार पट्ट्या काढल्या आणि माझ्या बटणांच्या डब्यात टाकल्या. "असू देत इथे, पोरंबाळं आली तर खेळतील." लांब आयुष्यासाठी शेवया न तोडता खायच्या असतात ना, त्यांनी एकही तोडली नाही, पण निम्म्या ताटातच ठेवल्या. तुझा फोन आला नाही. संध्याकाळी म्हणाले, "कामात असेल." संपावरच्या माणसाला कसलं काम गं इंदाय? ते त्यांनाही कळत होतं.

त्यानंतरही टेबलावर तेच बसले, बाकीच्यांनी उठूच दिलं नाही. आता त्यांना आमिष दाखवायला कंपनीकडे काही उरलंच नव्हतं. ऑक्टोबरात मिटलं. मागितली त्याहून वाढ कमी मिळाली, पण ते कलम गेलं. तुम्हा नव्या पोरांचा पगार आज जुन्यांच्याच मापाने मोजला जातो, तो त्यामुळे. तुम्ही दवाओत जल्लोष केलात त्याचा फोटो जेरालिनने दाखवला. तातयनी तो मोठा करून फक्त तुझा चेहरा बघितला आणि म्हणाले, "बारीक झालीय." आता पहाटे उठून अंगणात उभे असतात. डोक्यावरून विमान गेलं की त्याला खालून सूचना, "उंच येतोयस बाबा, जरा खाली घे." कोंबड्या ऐकून घेतात. मी खिडकीतून बघते.

आणि हे सगळं आजच का लिहिलं? तर काल हे गृहस्थ म्हणतात, "लिओनिला, बुधवारी दवाओला जाऊ. डुरियन खायला." डुरियन! तू एकदा ते फळ पिशवीतून आणलंस तर वासाने दोन दिवस घरात पाऊल न ठेवणारा माणूस! जेरालिनला विचारलं तेव्हा उलगडा झाला. बुधवारी सकाळचं सेबूहून दवाओला जाणारं विमान तुझं आहे. तिकिटं विकत काढलीत, पुरे पैसे मोजून. निवृत्त कॅप्टनला फुकट जागा मिळते, पण मग कंपनीच्या माणसांच्या यादीत नाव येतं आणि ती यादी तुमच्या पुढ्यात. म्हणून सगळ्यांत मागची रांग, खिडकी. "तिला कळता कामा नये," म्हणाले, "उतरवताना मन माझ्याकडे लागलं तर?" देवाकडे डावी खुर्ची मागितली होती ह्या माणसाने. आता शेवटच्या रांगेत चोरासारखा बसून, चाकं टेकताना हात तुझे आहेत एवढ्यावर समाधान मानणार आहे. म्हणून मी शपथ मोडली. त्यांना वाटतं तू डळमळशील. मी तुला जन्म दिलाय, मला ठाऊक आहे तू डळमळणार नाहीस. रडायचं ते आज रड, हवं तेवढं रड, बुधवारी नाही. मला बंबांचे फवारे नकोत, मागे धावत येऊन तमाशाही करू नकोस. विमान नेहमीसारखं उतरव, तुमच्या कॅप्टनची परवानगी घे, आणि लोकांशी तू बोल. इंग्रजी संपलं की आपल्या बोलीत तातयचं ते पेट्यांचं वाक्य म्हण. त्यांना तिथल्या तिथे कळेल की मी तोंड उघडलं. रागावतील, रागावू देत. मी निळा ड्रेस घालून शेजारी बसलेली असेन आणि त्यांचा हात घट्ट धरून ठेवणार आहे. मग सगळे उतरू देत. आम्ही मागून येतो. तू दारात उभी राहा.

तुझीच,
नानाय