डब्यातले लाल फुटाणे

अहो,

डब्यातले लाल फुटाणे खाऊ नका. पेरणीसाठी औषध लावून ठेवलेला हरभराच आईंनी आज सकाळी भाजला. रंग बघून त्यांना वाटलं, तिखट लावलंय. तुमच्या बीपीमुळे मी चिप्स बंद केले, म्हणून तुमच्यासाठी कुरकुरीत काहीतरी करत होत्या बिचाऱ्या. मलाही म्हणाल्या, "खाऊन तर बघ गं, लई खमंग झालेत." हातात घेतल्यावर औषधाचा वास आला.

आईंनी मात्र आधीच खाल्लेत; त्यांना मळमळतंय, हात कापताहेत. शिवशंकरभाऊजींच्या जीपनं त्यांना लातूरच्या सरकारी दवाखान्यात नेतेय. डॉक्टरांना दाखवायला औषधाचं पाकीट सोबत घेतलंय. आई एकच धोशा लावून बसल्यात, "मला काय होत न्हाई, दयानंदला बघ." तुम्ही शेतात जाताना त्यांनी तुमच्या खिशात मूठभर घातलेत.

तुमचा फोन लागत नाही. हनुमंतला शेताकडे पिटाळलंय, पण चुकामूक झाली तर म्हणून ही चिठ्ठी. एक दाणा जरी खाल्ला असेल तरी घरी उलट्या काढत बसू नका, बरं वाटत असलं तरी सरळ लातूरला या. खाल्ले नसतील तर आधी फोन करा. "खाल्ले न्हाईत" एवढंच म्हणा, मग ठेवा.

सिंधु