दहा जणांची चौकी

अहो,

तुमचं नाव लिहायचं तर हात अजून अडखळतो. एवढं समजून घ्या.

आज लिहायला बसले ती शेजारच्या चंद्रामुळे. नवऱ्याला पत्र लिहून घ्यायला आली होती. हो, वाडीची पत्रं आता मी लिहिते! तुमच्या माघारी तुमचीच पत्रं पुढ्यात ठेवून अक्षरं शिकले. तिच्या मागोमाग आठ-दहा बायका ओट्यावर येऊन बसल्या. तिचा नवराही तुमच्यासारखाच पलटणीत, नागा डोंगरात, लहानशा चौकीवर. ती म्हणाली, "लिव गो काकी, आठ जणांत बसून कोंबड्या राखता काय?" सगळ्या हसल्या. माझा टाक थांबला.

असंच मीही लिहवून घेतलं होतं ना? गुरुजींकडून, बायकांनी भरलेल्या याच ओट्यावर?

तुम्ही कळवलं होतंत, मोठी तुकडी फोडून दहा-दहा जणांच्या चौक्या केल्यात. गावाला लागून राहतो, त्यांची बोली शिकतो, नवखा माणूस आला की गावच आम्हाला सांगतं. एक म्हातारी तुम्हाला भाजलेला मका द्यायची. गुरुजींनी मोठ्याने वाचलं, तशा सखूवन्सं म्हणाल्या, "पलटणीत गेला म्हणं! ह्यो तर राखणदार झाला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "लिवा गुरुजी, सायबाला सांगून मोठ्या तुकडीत जावा. हितं मला तोंड दाखवायला जागा नाय." तुमच्याशी बोलतच नव्हते हो मी, ओट्याशी बोलत होते!

पण तुम्ही का ऐकलंत? एकदा तरी रागवायचं होतं!

बदलीचं पत्र आलं तेव्हा मी गूळ वाटला. महिन्याभरात मोठ्या तुकडीच्या मोटारींवर वळणावर गोळ्या आल्या, आणि तुम्ही गेलात. आपल्या कशेडी घाटासारखंच वळण, असं तुमचा सोबती सांगत होता. चौकीवरचे नऊही जण सुखरूप परतले, त्यातलाच तो. महाडहून एस.टी. बदलून मुद्दाम भेटायला आला. म्हणाला, "वहिनी, चांगली चौकी सोडून दादा का गेले, कळलंच नाही." मी चहा पुढे केला. खरं सांगितलं नाही.

लोक मला शूराची बायको म्हणून मान देतात. मी खाली बघते, तो त्यांना माझा साधेपणा वाटतो.

आज मात्र बायकांना म्हटलं, "घरी जावा गो." चंद्रा एकटी उरली, तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती माझ्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "काकी, लिव... हाय तिथंच ऱ्हावा. मी वाट बघतंय."

मलाही तेव्हा हेच लिहवून घ्यायचं होतं हो.

तुम्हाला शब्द देते, यापुढे ओटा रिकामा झाल्याशिवाय मी कोणाच्या पत्राला हात लावणार नाही.

तुमचीच,
भागी