रिप्ले यायच्या आधी

रविवार, संध्याकाळ. नारपोली.

मोटारींची शर्यत संपून तास झाला, तरी ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही. कॅमेरा चालकाच्या डोक्यामागे होता, म्हणजे जणू मीच गाडीत बसलो होतो. वळण आलं, भिंत अंगावर आली आणि पडदा काळा झाला. मग लगेच प्रेक्षक, ढग, एक झेंडा. अपघात सोडून सगळं दाखवत होते. समालोचकही गप्प झाले. गल्लीतल्या कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट मला तेव्हा कुठे ऐकू आला.

चालक सुखरूप असल्याचं कळेपर्यंत रिप्ले दाखवत नाहीत, हे मला आणि धाकट्या संजयला ठाऊक आहे. आम्ही थांबलो. कॅमेरा चालकाच्या बायकोवर येऊन थबकला. ती कुठल्या तरी पडद्याकडे बघत होती, आणि तिला काय दिसतंय ते मी तिच्या चेहऱ्यावर शोधत होतो. खरं लिहायचं तर, तो चेहरा बदलावा असं मला वाटत होतं. भीती वाटत होती म्हणून? की कंटाळा आला म्हणून?

"आला रिप्ले. वाचला, दादा," संजय म्हणाला.

बाबांनी टीव्ही बंद केला.

"बाबा, लावा ना," मी म्हणालो.

"वाचला ना त्यो? मंग आता काय बगाचा हाय?"

मी उठून टीव्ही लावला. तीच धडक चार बाजूंनी दाखवली, सावकाश. तो जिवंत आहे हे माहीत असूनही मी चारही वेळा खुर्चीत पुढे सरकलो. चौथ्यांदा मनात आलं, यांच्याकडे अजून एखादा कॅमेरा असेल.