गोवरलस आणि बोलणं बंद असलेली घरं

४ मार्च
दवाखान्याच्या फळ्यावर : ‘गोवरलस घेतलेली बालके १०४ टक्के.’ शंभरातली एकशे चार! आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या गणिताच्या सिस्टरनी असा पेपर खिडकीबाहेर भिरकावला असता. नर्सबाईंना सुनावलं. त्या म्हणाल्या, मुलांची यादी जुनी आहे, शिवाय पलीकडच्या वस्तीतली मुलंही इथेच टोचून घेतात. खरा आकडा हवा तर दारोदार जाऊन कार्डं बघायला हवीत, आणि तेवढं माणूसबळ नाही. मी आहे म्हटलं.

५ मार्च
नवी वही, दोन पेनं. सुरुवात आमच्याच इमारतीपासून. दीड दिवसाचं काम.

६ मार्च
बारा मुलं, बारा कार्डं, बारा टिका. तिसरा मजला सोडला (पार्किंगवरून बोलणं बंद). तळमजला सोडला (पोरांच्या चेंडूवरून). मागचा जिना अख्खा सोडला. त्यांनी अजून माफी मागितलेली नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. आकडा : शंभर टक्के.

९ मार्च
नर्सबाईंनी विचारलं, सोडलेल्या घरांत मुलं किती? म्हटलं, सोडलेल्या घरांतली मी कशी मोजणार? त्या म्हणाल्या, मग मॅडम, ही तुमच्याशी बोलणाऱ्यांची टक्केवारी झाली. उद्धट! वर म्हणे, गोवर भांडणं बघून येत नाही. मागच्या गल्लीत एक पोर तापाने फणफणलंय. शनिवारी आमच्या आवारात शिबिर. कुणाचं मूल राहिलंय ते त्याआधी कळायलाच हवं.

१० मार्च, संध्याकाळी ५
मागचा जिना. बेल वाजवली. आतला टीव्ही बंद झाला. दार उघडलं नाही. चारही दारांना हाच शिष्टाचार. तळमजल्यावर आतून पोर किंचाळलं, आई, चेंडूवाली आजी!

११ मार्च
वही सूनबाईकडे दिली. गुडघे दुखतात. सव्वा तासात तिने सगळी दारं उघडून घेतली, दोन घरी चहाही प्यायली. एकूण एकोणतीस मुलं. लस झालेली सव्वीस. राहिलेली तीन, तिन्ही मागच्या जिन्यातली.

१४ मार्च, शनिवार
नर्सबाईंनी माझ्या गुडघ्यांचा विचार करून मला घरीच थांबायची विनंती केली. सूनबाई म्हणते, त्या गुडघ्यांबद्दल काही बोलल्या नाहीत.
११.२० : खिडकीत बसले. दोन पोरं आली, टोचली, रडली. टिक, टिक.
११.३५ : तिसऱ्याची आई जिन्यातून बाहेर आली. वर माझ्याकडे पाहिलं. पोर खांद्यावर टाकून परत फिरली.
११.४० : पडदा ओढला.
११.४९ : खालून नवा टाहो. पडद्याआडूनच टिक केली.