नव्या शेअरची किंमत शून्य नाही

आई,

मी शाळेत चालले. दहाला शेअरवाले काका येतील, त्यांच्या कागदावर सही करू नकोस. बाबांच्या कंपनीतून फुटून निघालेल्या नव्या कंपनीचे शेअर फुकट मिळाले, म्हणून ते खरेदी किंमत शून्य धरतायत. मग विकताना सगळ्या रकमेवर कर बसेल! बाबांनी जुने शेअर चाळीस हजारांना घेतले होते. कंपनीच्या पत्राप्रमाणे त्यातले सत्तर टक्के जुन्यांचे, तीस टक्के नव्यांचे. म्हणजे नव्यांची किंमत बारा हजार. काकांना सांग, लेकीने दोनदा ताळा करून पाहिलाय.

पावतीसाठी बाबांचा कप्पा उघडला, रागावू नकोस. चष्म्यावर जराही धूळ नव्हती. तूच पुसत असशील, असं मी धरून चाललेय.

नव्या शेअरची खरेदीची तारीखही जुन्यांचीच धरतात. शेअर बाबा गेल्यावर चार महिन्यांनी आले, तरी घेतले बाबांनीच! हे वाचलं आणि मागे कोणी उभं नाही ना, ते वळून पाहिलं.

काका घाई करतील. आज तेवढं ‘मला काय कळतंय त्यातलं’ म्हणू नकोस. ते बाबा असताना चालायचं.

तुझी भोचक