पाठीमागे वर केलेले हात

तीर्थरूप मामांना,

नमस्कार. मी रागात आहे, तरी नमस्कार वाकूनच केला आहे असे धरून चाला. गुडघा कसा आहे? सांगितलेला व्यायाम करता, की मामी खोलीत आल्या की तेवढ्यापुरता पाय हलवता? (उत्तर मामींकडूनच मागवेन.) मी बरी आहे. मानेवर एक लाल वळ आहे, पण तोच या पत्राचा विषय असल्यामुळे त्याची चौकशी शेवटी करावी.

तुम्ही मुख्याध्यापक असताना चौथीच्या मुलांसाठी लिहिलेले वर्गाचे नियम आठवतात ना? आमच्या प्रशिक्षण केंद्राचे प्राचार्य त्या चौथीत होते आणि माझ्या मते अजून आहेत. त्यांनी ते नियम मोठ्या फळ्यावर रंगवून घेतले आणि प्रत्येक खोलीत टांगले, अगदी माझ्या वर्कशॉपमध्येसुद्धा. पादत्राणे बाहेर काढावीत, हा पहिला. मामा, माझ्याकडे लेथवरून तापलेला लोखंडी कीस उडतो. जाड बुटांशिवाय मी कुणाला उंबरठा ओलांडू देत नाही. हे सांगायला गेले तर प्राचार्य म्हणाले, "सरांच्या नियमांत खोट काढू नका मॅडम, आम्ही त्यावर घडलो." (घडवलेली वस्तू मोजून बघायची आमच्याकडे पद्धत आहे. मी मोजायला गेले नाही.) वडीलधारे आत आले की उठून नमस्कार करावा, हा दुसरा. म्हणजे प्राचार्य डोकावले की माझी सगळी मुले चालू मशीन सोडून हात जोडतात, आणि प्राचार्यांना डोकावण्याची फार हौस आहे.

मंगळवारी ते असेच डोकावले. मी मुलांना लेथवर काम करून दाखवणार होते. मुले पिवळ्या रेषेमागे उभी, मी मशीनकडे तोंड करून. माझे ओळखपत्र नेहमीप्रमाणे कोटाच्या खिशात होते, कारण फिरत्या मशीनजवळ गळ्यात काहीही लोंबता कामा नये, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. प्राचार्यांनी फळ्याकडे बोट दाखवले. ओळखपत्र गळ्यात, दर्शनी भागी, हा तिसरा. मुलांसमोर वाद नको म्हणून मी ते गळ्यात घातले आणि बटणांच्या आत खोचले. ते "दर्शनी, मॅडम, दर्शनी" म्हणाले, म्हणून बाहेर काढले. मशीन चालू केले, माप दाखवायला वाकले, आणि ओळखपत्राची फीत सरकत सरकत लोखंड पकडून गरागरा फिरणाऱ्या चकाकडे निघाली.

हे मला दिसले नाही. मुलांना दिसले, सगळ्यांना दिसले. आणि मामा, त्यांनी काय केले असेल? हात वर केले. "बोलण्यापूर्वी हात वर करावा, परवानगी मिळाल्यावरच बोलावे." माझ्या पाठीमागे अख्खा वर्ग परवानगीची वाट बघत शिस्तीत उभा होता. दोघांनी तर प्रसंग ओळखून दोन्ही हात वर केले होते.

एकीने तेवढा हात वर केला नाही. तिला वर्गात भोंगा म्हणतात. आवाज असा, की स्टोअरमधून हातोडी मागितली तर शेजारच्या वर्गातून दोन येतात. ती रेषा ओलांडून धावली, "ए बाई, मान मागे घे!" म्हणून ओरडली आणि मशीन थांबवायचे लाल बटण दाबले. तोवर फीत चकाला गुंडाळली गेली होती. माझे नाक चकापासून वीतभरही दूर उरले नव्हते. (अचूक सांगता येत नाही. व्हर्नियर हाताशी होते, पण मोजत बसायची ती वेळ नव्हती.) फीत कापून मला सोडवल्यावर मी मुलांना विचारले, ओरडला का नाहीत? उत्तर द्यायला पुन्हा सगळ्यांनी हात वर केले.

दारातून प्राचार्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मॅडमना 'ए बाई' कोण म्हणाले?" माझ्या मानेबद्दल नंतरही विचारले नाही. विनापरवानगी बोलणे, जागा सोडणे, न विचारता मशीनला हात लावणे आणि गुरूला एकेरीत हाक मारणे, असे चार आरोप भोंगावर आहेत. लेखी माफी दिल्याशिवाय सोमवारच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देणार नाहीत. ती म्हणाली, "देते की सर. फक्त काय लिहू ते सांगा. मॅडम वाचल्या, त्याबद्दल क्षमस्व?" उद्धटपणा हा पाचवा आरोप लगेच वाढला. परीक्षा हुकली तर तिचे वर्ष जाते, आणि कारखान्यात ठरलेली जागाही.

तुमचे नियम चुकीचे होते असे मी म्हणत नाही. वर्गभर पोरे एकदम बोलली तर गुरुजींचे डोके उठते, एवढाच तिथे धोका होता. माझ्याकडे ते जागेवर राहत नाही. पण नियम कशासाठी आहे हे न सांगता पाठ करून घेतला की मुले शहाणी होत नाहीत, नुसती गप्प होतात. हे तुम्हाला वाईट वाटेल. वाटावे म्हणूनच लिहिले आहे.

मामींना नमस्कार. मानेचे त्यांना सांगू नये.

तुमची भाची

ता. क. प्राचार्य माझे ऐकणार नाहीत, तुमचे ऐकतील. तुम्ही त्यांना पत्र लिहावे. तुम्ही लिहायला बसलात की प्रस्तावनेतच सोमवार उजाडेल, म्हणून तुमचे पत्र मीच लिहून सोबत जोडले आहे. तुमच्या तोंडी शोभेल इतपत ओरडले आहे.

ता. क. दुसरे. भोंगाला परीक्षेला बसू दिले नाही, तर मी त्या दिवशी एकही मशीन चालू करणार नाही. हे प्राचार्यांना कळवून झाले आहे. त्यामुळे आता आम्ही दोघीही तुमच्या भरवशावर आहोत. (हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिले.)

ता. क. तिसरे. पाकीट चिकटवण्याआधी भोंगाने हे सगळे वाचले, अर्थातच न विचारता. म्हणाली, "एवढं लांबण कशाला लावलंत मॅडम? मरता मरता वाचलात, ते म्हाताऱ्याला सरळ सांगा ना." तर मामा, सांगते. त्या दिवशी मरता मरता वाचले. सही करा.